माधवाची रमा

गंगाधरपंत केळशीकर फणसवाडीत राहत आणि आडनावांवर बोलत. केळशी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण ‘कर’ म्हणजे गावाचा धनी, असा अर्थ त्यांनी स्वतःपुरता लावून घेतला होता. चिटणीस, पोतनीस यांची आडनावं ते उभं राहून उलगडत. हातांनी राबणाऱ्यांची आडनावं बसूनच संपवत.

“सुतार म्हणजे सुतार. त्यात काय सांगायचं?”

“पंत, मी गिरणीत फिटर आहे,” खालच्या मजल्यावरचा गणपत सुतार म्हणे. “रंधा हातात धरला नाही कधी.”

“वंशात असतो रे तो!”

त्या वर्षी नव्या राज्याचं नाव मुंबई ठेवायचं की महाराष्ट्र, हा वाद पेटला होता. पंत छातीला बिल्ला लावून सभांना जात. घरी येऊन कॉमन गॅलरीत बजावत, “ज्याचं नाव, त्याला विचारल्याशिवाय कुणी ठेवायचं नाही!” आणि आत जाऊन पुतण्याच्या होणाऱ्या बायकोचं नाव ठरवत.

वाडीत सून आली की तिचं नवं नाव पंतच काढत. नवऱ्याच्या नावाशी जुळणारं, देवादिकांतलं. पुतण्या माधव, तेव्हा विचार करायची गरजच नव्हती. रमा.

मुलगी दादरच्या शाळेत शिकवत होती. नाव कालिंदी. तिनं माधवला साखरपुड्यालाच सांगितलं होतं, “मला माझंच नाव राहू द्या. वर्गातल्या मुली त्याच नावानं ओळखतात मला.”

“काकांना विचारतो,” माधव म्हणाला. नोकरी वगळता तो आयुष्यात सगळं काकांना विचारूनच करत असे.

काका हसले. “कालिंदी? अरे, कालिया राहायचा त्या डोहात. काळं पाणी! सुनेला कुणी हाक मारतं का अशी?”

माधवनं हा निरोप जसाच्या तसा पोचवला.

माघात लग्न झालं. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरले. माधवनं सोन्याची अंगठी धरून त्यांवर ‘रमा’ अशी अक्षरं काढली. कालिंदी खाली मान घालून ती अक्षरं पाहत राहिली.

“माधवाची रमा!” पंतांनी जाहीर केलं. “वहिनी, पेढे फिरवा.”

माधवची आई, राधाबाई, पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. ती हलली नाही.

“हे नाव नको, भावजी.”

“का?”

“माझं आहे.”

“तुमचं? तुमचं नाव राधा.”

“ते या घरानं ठेवलेलं. माझे वडील मला रमाच म्हणायचे. अशाच ताटात पुसलंत तुम्ही लोकांनी. पेढे तुम्हीच वाटत होता तेव्हा.”

माधवच्या हातात अंगठी तशीच राहिली. आपल्या आईचं नाव त्याला त्या दिवशी कळलं.

“अगं बाई,” दारातली एक म्हातारी पुटपुटली, “म्हणजे मुलगा उठता-बसता आईच्या नावानं बायकोला हाक मारणार?”

“इंदिरा चालेल,” पंत घाईनं म्हणाले. “किंवा कमला. तीही लक्ष्मीच.”

राधाबाईनं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं आणि तळव्यानं तांदूळ सपाट केले. मग सुनेकडे वळली.

“तुझं नाव काय गं?”

“कालिंदी.”

“लिही रे.”

माधवनं काकांकडे पाहिलं. आई तिथून हलेना. शेवटी त्यानं लिहिलं. पुसट, वाकडं, पण लिहिलं.

राधाबाईनं पहिला पेढा सुनेच्या हातावर ठेवला आणि बाकीच्यांना वाटत निघाली. तिला ‘रमा’ म्हणून कुणी हाक मारली नाही. पुढेही कधी मारली नाही.

पंत मात्र तोवर सावरले होते. दारात जमलेल्यांना सांगत होते, “कालिंदी म्हणजे कोण? साक्षात श्रीकृष्णाची पट्टराणी! माधवाला याहून शोभेल असं नाव आहे का दुसरं? मी सुचवणारच होतो.”

आणि त्यांनी पेढ्यासाठी हात पुढे केला.