जाणाऱ्याच्या हाती पार्सल

भीती वाटायला लागली की माणसं जास्त विनोद करतात, हे मी दुबईत, अल क्वोजमधल्या आमच्या फर्निचर कंपनीत शिकलो. मंदी आली त्या हिवाळ्यात किस्से इतके साठले, की आजही चार जण भेटलो की तेच निघतात.

*

गुरुवार म्हणजे एचआरचा फोन. ज्याला आला त्याची नोकरी गेली, व्हिसा खलास, महिन्याभरात देश सोडायचा. आमचा अकाउंटंट कामत एका गुरुवारी पोट बिघडलं म्हणून दुपारीच मनखूलला घरी गेला. बायकोने काही न विचारता कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, विच स्कूल इन पुणे?"

*

गाझावर बॉम्ब पडायला लागले ते त्याच दिवसांत. आमचा ड्राफ्ट्समन अबू समीर तिथला. बहीण तिथेच, फोन लागत नव्हता. ऑफिसात राजकारण नको, अशी मॅनेजरची ताकीद होती, म्हणून कामत घाईघाईने पँट्रीतला टीव्ही बंद करायला गेला. अबू समीर हळूच म्हणाला, "आवाज बंद करो, हबीबी. फोटो रहने दो. मैं अपना गली देखता है."

*

मग गाझासाठी ब्लँकेटं गोळा झाली. सगळं परवानगीने, तरी आम्हाला धास्तीच. कामतने दोन चांगली ब्लँकेटं दिली, पण आधी लाँड्रीने लावलेली नावाची चिठ्ठी उसवून काढली. उद्या कुणी विचारलं तर, म्हणे! स्टोअर सांभाळणारे रत्नागिरीचे लतीफभाई म्हणाले, "कामत, ती परत धुवायला येणार आहेत का?"

*

आमच्यात एक रीत होती. कायमचा घरी निघालेला माणूस बाकीच्यांची पार्सलं घेऊन जायचा. नोकरी गेलेला तोंड लपवायच्या आत लतीफभाई त्याच्या टेबलावर रिकामा खोका आणून ठेवायचे. मग त्यात खजूर, दूध पावडर, कुणाच्या आईचं गुडघ्याचं मलम पडायचं. त्या गडबडीत जाणाऱ्याची लाज झाकली जायची.

एका गुरुवारी फोन अबू समीरला आला.

आम्हाला निदान परतायला गाव होतं. त्याच्याकडे पासपोर्टच नव्हता. इजिप्तने दिलेला प्रवासाचा कागद होता, आणि त्यावर इजिप्तसुद्धा त्याला आत घेत नव्हतं. गाझाची वाट बंद. महिना उलटून इथे राहिला तर तुरुंग. खरं सांगतो, इतकी भीती मला स्वतःसाठीही कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात लतीफभाई सवयीने खोका घेऊन आले आणि त्याच्या टेबलावर ठेवून बसले. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. परत उचलायला हात पुढे होईना.

अबू समीरने खोका जवळ ओढला. पत्ता लिहायला मार्कर उघडला आणि आमच्याकडे बघितलं.

"बोलो, पार्सल किधर का है," तो म्हणाला. "मैं उधर जाता है."