खडकावर ठेवलेला चाकू

जत्रेतले घडीचे चाकू मी कित्येक वर्षं वापरले. एकाचं पातं डगमगायचं, दुसऱ्याची मूठ सुटायची. त्यांनी पेरू कापले, डबे उघडले, स्क्रूसुद्धा पिळले. हरवले तरी मनाला लागत नसे. यंदा मात्र चांगल्या पोलादाचा घेतला आणि रुमालात गुंडाळून जपू लागलो. पेरूत तो आवाज न करता उतरतो.

रविवारी टेकडीवर माझा जुना मित्र दिनू पिशवीतून पेरू काढत म्हणाला, "चाकू दे रे."

चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणतात, म्हणून आमच्यात एकाने तो खडकावर ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. या वेळी मी म्हणालो, "थांब, मीच कापतो."

"का? मला येत नाही?" तो हसला, पण पेरू त्याने परत पिशवीत टाकला.

स्वस्तातले चाकू माझे होते. हा आल्यापासून मीच त्याचा झालो होतो.

मी चाकू उघडून खडकावर ठेवला. पातं दगडाला घासलं. दिनूने तो उचलला, पेरू कापला आणि पहिली फोड माझ्यापुढे धरली.

पात्यावर केसाएवढा ओरखडा उठला होता. रुमालाने मी तोंड पुसलं आणि चाकू तसाच खिशात टाकला.