लेबलवरची विधवा

अन्याय मावशींवर झाला. १९८६ चा जानेवारी, संक्रांतीनंतरचा शनिवार, दुपारचे चार. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, एका दिवाणखान्यात, वीस-बावीस मराठी माणसांसमोर. त्यांत मीही होते, म्हणून लिहिते आहे.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नोकरी करायच्या. कॅम्पसच्या बसमध्ये ओळख झाली तेव्हापासून दर रविवारी मला जेवायला बोलवायच्या. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशीच्या तिळाच्या वड्या त्यांनीच केल्या होत्या.

हळदीकुंकवाआधी, ज्यांच्या घरी जमलो होतो त्या काकांनी स्लाइड्स दाखवल्या. कंपनीच्या कामाने फ्रान्सला गेले असताना ते शॅम्पेनचं एक जुनं घराणं पाहून आले होते. 'घराणं' हा शब्द त्यांचाच. काका गाण्याचे शौकीन. गार तळघर, फळ्यांच्या भोकांत उलट्या खोचलेल्या बाटल्या. रोज हाताने थोडी थोडी फिरवायची, म्हणजे गाळ मानेशी येतो आणि काढून टाकता येतो.

"आणि घराण्याची शैली म्हणजे काय," काका म्हणाले, "वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन अशा मिसळायच्या, की दरवर्षी चव तीच."

मग एका बाईचं चित्र आलं. ऐन तरुणपणी नवरा गेला, तिने धंदा हातात घेतला आणि घराणं नावारूपाला आणलं. काकांनी सोबत आणलेली बाटली उंच धरली. "लेबलवर बघा, अभिमानाने छापलंय. विधवा."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दिवे लागले, काकूंनी करंडा घेतला. एकेकीला हळद, कुंकू, वाण. माझ्यासारख्या बिनलग्नाच्या पोरीलासुद्धा. मावशींपाशी आल्यावर त्यांच्या हातात वड्यांचं ताट दिलं, "एवढं जरा फिरवता?" म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीकडे वळल्या.

मी नागपूरच्या चौकांत चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. गप्प बसायला कुणी शिकवलंच नाही.

"काकू, एक राहिल्या."

"अगं, त्यांनाच अवघडल्यासारखं नको व्हायला."

"त्यांना विचारलंत?"

"तू लहान आहेस. आपल्यात रीत असते एकेक."

"हो ना. दरवर्षी चव तीच," मी काकांकडे बघत म्हटलं. काका लेबल वाचत बसले.

मावशींनी ताट खाली ठेवलं. "विचारलं असतं तर हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं वाट बघतेय, कुणी विचारतं का." मग जराशा हसल्या. "फ्रेंच असते तर माझीही स्लाइड असती."

मी करंडा मागितला. काकूंनी तो पदराआड घेतला. मग मी माझ्याच कपाळावरचं कुंकू बोटाने टिपलं आणि, "लावू?" विचारून मावशींना लावलं. फिकट लागलं, वाकडं लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. परतताना बसमध्येही नाही.

आता तुम्ही. तुमच्या घरी पुढचं हळदीकुंकू होईल तेव्हा जिचा नवरा गेला आहे अशी जी कुणी आली असेल, करंडा सगळ्यांत आधी तिच्यासमोर न्या आणि विचारा. ती नको म्हणाली तर तो तिचा हक्क. तिच्या वतीने तुम्ही नको म्हणू नका.