पडद्यापलीकडचा साहेब

विषय: मुलुंडच्या आमच्या बागेत बसवलेल्या नव्या स्क्रीनसमोर खाली सही करणाऱ्याची, म्हणजे माझी, झालेली फजिती.

हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा.

बागेच्या फाटकाशी माणसाएवढी स्क्रीन उभी केलेली. वर लिहिलेलं, 'लिहा, पलीकडे कोणीतरी वाचतंय.' जन्म सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेलेल्या माणसाला यातून काय कळणार? तक्रार नोंदवायचं यंत्र. पलीकडे कोणीतरी वाचतंय, हे तेवढं खटकलं. आमच्याकडे ही सोय नव्हती.

तक्रार तयारच होती. वरच्या मजल्यावरचा गावडे, निवृत्त हेडक्लार्क, कुंड्यांना पाणी घालतो ते माझ्या वाळत्या कपड्यांवर पडतं. यावरून आमचं बोलणं बंद. संध्याकाळचा कॅरमही बंद. खरं सांगू? कपडे पुन्हा वाळतात हो. कॅरम एकट्याने खेळता येत नाही.

मी सगळं प्रकरण बोटाने टिपलं. लगेच उत्तर उमटलं, 'अर्जदाराने संबंधितांस प्रत्यक्ष भेटून सांगितले होते काय?'

काय भाषा! मी सावरून उभा राहिलो. 'नाही. सोसायटीस पत्रे दिली आहेत.'

'संबंधित इसम कसा आहे?'

'हेकट. कॅरममध्ये स्ट्रायकर रेषेच्या पुढे ठेवतो.'

बराच वेळ काही येईना. साहेब चहाला गेले असावेत, असं समजून मी थांबलो. मग आलं, 'तरी त्याच्याशीच का खेळता?'

साहेबाला खोटं लिहून द्यायची मला सवय नाही. लिहिलं, 'माझ्याशी दुसरं कोणी खेळत नाही.'

तेवढ्यात स्क्रीनभर फुलं उधळली आणि अक्षरं आली, 'आता पलीकडे जाऊन भेटा.' मी शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि साहेबाला भेटायला मागच्या बाजूला गेलो.

तिथे तशीच दुसरी स्क्रीन. तिच्यासमोर गावडे. त्याच्यामागे जमलेली अर्धी बाग.

"काय रे परब," तो म्हणाला, "मी स्ट्रायकर पुढे ठेवतो?"

शेजारी-शेजारी राहून न बोलणाऱ्यांना बोलतं करायलाच हे यंत्र आणलंय, असं वॉचमनने मला नंतर समजावलं. त्याला आधी विचारलं असतं, तर अब्रू वाचली असती. पण तोंडी विचारायची सवय कुठे?

मी कुंड्यांचा विषय काढला, तर गावडे म्हणाला, "विचाराधीन आहे. रोज संध्याकाळी वर येऊन चौकशी करायची. मी बोर्डावर पावडर टाकून ठेवतो."

रोज जातो. चौकशी तेवढी राहून जाते. कपडे ओले आहेत. अर्ज प्रलंबित आहे.