कोटाच्या आत

कोट मी आपखुशीनं दिला होता, असं मी आजवर सांगत आलो. बायकोला सांगितलं, बँडच्या पोरांना सांगितलं, गाणं गाजल्यावर घरी आलेल्या पत्रकारालाही सांगितलं. "मालकांनी मागितला न्हवता हो, म्याच दिला. लई मान देतात ते आमाला." त्यानं ते छापलं. माझी मुलगी गाण्यात एक सांगत होती आणि पेपरात तिचा बाप दुसरंच बोलत होता.

ते खोटं होतं. खरं सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळता येत नाही. उद्या ती माणसं माझ्या दारात येणार आहेत.

मी मुरुमचा. आमचं घराणं बँडवाल्यांचं. मी क्लॅरिनेट वाजवतो, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. त्या दिवशी शेजारच्या गावात मालकांच्या, म्हणजे तिथल्या बड्या जमीनदारांच्या, थोरल्या मुलाचं लग्न होतं. वैशाखाचं ऊन. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापाशी थांबलेला. नवरदेव आत पाया पडायला गेलेला, घोडी बाहेर उन्हात, आम्हीही उन्हात. अंगात लाल कोट, त्याला सोनेरी झालर, खांद्यावर झुपके, आतून घामाच्या धारा. माझ्या बाजूला माझी शाहीन खुळखुळे हलवत होती. नऊ वर्षांची असेल. आमचा खुळखुळेवाला आजारी पडला म्हणून तिला आणलं होतं. पोरीचा हात तालात होता. मला त्याचं कौतुकही होतं.

नवरदेव बाहेर आला, घोडीवर बसला आणि चटका बसून लगेच खाली उतरला.

"जीन तापलंय की," मालक म्हणाले. त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर उपरणं होतं. भावकीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात आहेराचा नवा टॉवेल होता. नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"ए मास्तर, कोट काढ."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"काढ म्हनलं ना. नवरदेव बसायचाय."

काढला. आत बनियन होतं, काखेत फाटलेलं. कुणीतरी माझ्या हातातून कोट ओढून घेतला, जिनावर टाकला आणि नवरदेव त्यावर बसला. मागून एक जण ओरडला, "घोडी मास्तर झाली रं! आता वाजवायला बी तिलाच सांगा!"

सगळा परण्या हसला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवरदेव माझ्याकडं बघून हसला. शाहीनचे खुळखुळे थांबले. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. हलव. आणि मी क्लॅरिनेट तोंडाला लावला. फाटक्या बनियनवर मांडवापर्यंत वाजवत गेलो.

परतताना टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली. कोट माझ्या मांडीवर. त्याला घोडीच्या घामाचा वास. एक झुपका तुटलेला. मुरुम जवळ आल्यावर तिनं विचारलं, "अब्बा, तुमी बजाना बंद कायकू नै करे?"

मी तिला माझ्या बापानं शिकवलेलं सांगितलं. बरात में कुछ बी होने दे, बाजा रुकना नै. बाजा रुक्या तो लाठी निकलती. वरातीत भांडण होवो, कुणाचं डोकं फुटो, आपण वाजवत राहायचं. गर्दीचा पारा बाजाच खाली आणतो. आमच्या धंद्यातलं हे पहिलं शहाणपण. मी ते तिला दिलं. तिनं घेतलं नाही, एवढं मला त्या टेम्पोतच कळलं होतं.

ती पुण्याला शिकली. नोकरी धरली. गिटार घेतली. गाणी स्वतः लिहायची, स्वतः चाली लावायची, चार पोरं जमवून जोरात म्हणायची. ड्रम, गिटार आणि त्यात आमची मुरुमची बोली. एका कंपनीनं तिचा अल्बम काढायचं ठरवलं. नाव तिनंच दिलं, 'लाल कोट'. पहिल्या गाण्यात क्लॅरिनेट पाहिजे म्हणून मला बोलावलं.

काचेच्या खोलीत मी उभा होतो. मनापासून, सुरात वाजवलं. बाहेरून एका पोराचा आवाज कानात आला, "काका, जरा बँडवाल्यासारखं वाजवा ना."

शाहीननं त्याच्याकडं पाहिलं. "ते बँडवालेच आहेत," ती म्हणाली. "ते वाजवतात तेच बँडवाल्यासारखं असतं."

मग तिनं मला ते गाणं ऐकवलं. कोट काढ, कोट काढ, जीन तापलंय. कोट काढ, कोट काढ, नवरदेव बसायचाय. मालकांचेच शब्द, मालकांच्याच आवाजाची नक्कल. वाजतं जोरात. पण शेवटी ड्रम थांबतात, गिटार थांबते. माझा एकटा क्लॅरिनेट राहतो आणि ती हळू आवाजात म्हणते, "कोटाच्या आत माझा बाप होता."

मी काचेच्या खोलीतच खाली बसलो. तिला वाटलं, चक्कर आली.

अल्बम निघाला आणि काहीच झालं नाही. पुण्याच्या एका पेपरात चार ओळी आल्या, 'ग्रामीण मस्तीची गाणी'. शाहीननं ते वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. मग कुठल्याशा लग्नात एका पोरानं त्या गाण्यावर नाचताना ब्लेझर काढून हवेत फिरवला. त्याचा व्हिडिओ फिरला. पुढं सगळीकडं तेच. पोरं कोट काढायची, फिरवायची, घोडीवर फेकायची. कंपनीनं डीजेसाठी वेगळं गाणं करून विकलं. ठेका वाढवला. शेवटची ओळ काढून टाकली. शाहीननं विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, तिथं पब्लिक थांबतं."

अल्बममध्ये नऊ गाणी होती. तिच्या आईच्या शिलाई मशीनवर एक होतं, येरमाळ्याच्या एसटी स्टँडवर एक होतं. ती कुणी ऐकली नाहीत. 'लाल कोट' तुफान चालला, असं सगळे म्हणत होते. चालली होती ती एक आरोळी. आमचाच अपमान आमच्याच चालीवर लोक नाचवत होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

मला माहीत होतं. तरी मी बँडच्या गाडीवर रंगवून घेतलं, '"कोट काढ" फेम मास्तर'. लांब लांबून सुपाऱ्या यायला लागल्या. थेट पुण्याहून आल्या. मी प्रत्येक लग्नात ते वाजवलं. तिनं एकदा फोनवर सांगितलं, "अब्बा, वो गाना बरात में मत बजाओ." मी म्हटलं, लोगां मांगते बेटा, क्या करूं. तिनं पुन्हा सांगितलं नाही.

मग तो कार्यक्रम झाला. आमच्याच तालुक्यात, मोठ्या मैदानावर. मालक वारले होते. तो नवरदेव आता पुढारी झाला होता, सगळे त्याला साहेब म्हणत. त्याचा वाढदिवस होता. शाहीन येणार नव्हती. मीच गळ घातली. गावातल्या लोकांसमोर माझ्या पोरीनं गावं, मी तिच्या बाजूला उभं राहून वाजवावं, एवढीच हौस होती.

ती तो जुना लाल कोट घालून आली. तुटलेला झुपका तिच्या आईनं कधीच शिवला होता, पण तो एका बाजूला कललेलाच राहिला. समोर पहिल्या रांगेत सोफे. मधल्या सोफ्यावर साहेब. मागं नजर पोहोचेल तिथवर नुसते बाप्ये.

तिनं आईच्या मशीनचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यापर्यंतही पोचू दिलं नाही.

"कोट काढ!" मागून कुणीतरी ओरडलं. मग दहा जण. मग सगळं मैदान. "कोट काढ! कोट काढ!" आधी मला वाटलं, गाण्याची फर्माईश आहे. मग त्या आवाजातलं हसणं ऐकू आलं. ते गाणं मागत नव्हते. स्टेजवर उभ्या असलेल्या बाईला ते सांगत होते.

ती माइकवर म्हणाली, "ते गाणं मी आज म्हणणार नाही. दुसरं ऐका."

पाण्याचा पाऊच येऊन तिच्या पायाशी फुटला. पोरं बांबूंवर चढली. साहेब सोफ्यावर मागं रेलून हसत होते, हातानं खुणावत होते, होऊ द्या, होऊ द्या. ते हसू मी ओळखलं. घोडीवरचंच होतं.

शाहीननं माझ्याकडं पाहिलं.

गर्दी बिघडली होती. बाजा रुक्या तो लाठी निकलती. मी क्लॅरिनेट तोंडाला लावला आणि 'कोट काढ'ची चाल सुरू केली.

मैदान फुटलं. मास्तरनंच परवानगी दिली ना. साहेबांचा एक माणूस नाचत स्टेजवर चढला आणि त्यानं तिच्या कोटाच्या कॉलरला हात घातला. तिनं तो हात झटकला. मग स्वतःच बटणं सोडली, कोट काढला, नीट घडी घातली, माझ्या पायाशी ठेवला आणि मागच्या जिन्यानं उतरून गेली. आत तिचा साधा पांढरा सदरा होता.

मी वाजवत होतो. ती गेली तरी वाजवत होतो. पूर्ण चाल वाजवली.

त्या दिवसापासून ती कुठं गायलेली नाही. कंपनीनं दुसरा अल्बम मागितला होता. तिनं नाही म्हणून कळवलं.

पुढच्या हंगामात एका वरातीत मी होतो. संध्याकाळ. रांगेनं बायका डोक्यावर दिव्यांची झाडं घेऊन चाललेल्या. फर्माईश आली, मी तीच चाल धरली. पोरांचं एक टोळकं त्यातल्या एका बाईभोवती फिरायला लागलं. तिचे दोन्ही हात वर, डोक्यावरच्या दिव्याला धरलेले. "काढ, काढ, काढ." तिनं मान हलवली असती तर दिवा पडला असता. तिनं फक्त डोळे फिरवले. माझ्याकडं पाहिलं.

मी थांबलो. क्लॅरिनेटची पत्ती काढली आणि खिशात ठेवली. पत्तीशिवाय क्लॅरिनेट म्हणजे नुसतं लाकूड. ढोल थांबला, ताशा थांबला. नुसत्या जनरेटरची घरघर राहिली.

"काय झालं मास्तर? वाजवा की!"

"न्हाय वाजवत."

"पैसं घेतल्यात न्हवं?"

"घेऊन जावा परत. त्या बाईला वाट द्या आधी."

लाठी निघाली नाही. एक थप्पड निघाली. नवरदेवाच्या मित्रानं मारली, माझ्या लेकराच्या वयाच्या. गाल सुजला. पोरं बडबडत पांगली. ती बाई दिवा सावरत पुढं गेली. वरात बाजाविना दारात पोचली आणि लग्नही लागलं. एवढंच झालं. या एका थपडेला भिऊन मी जन्मभर वाजवत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी गाडीवरची अक्षरं घासून काढली. रंग गेला. नीट बघितलं तर अजून वाचता येतात.

आता साहेब निवडून आलेत. उद्या मिरवणूक आहे. आज त्यांचा माणूस दुकानात येऊन गेला. खुर्ची ओढून बसला, चहा प्यायला, गोड बोलला. "मास्तर, साहेबांची विच्छा हाय. तुमच्या पोरीचं गानं, तुमच्याच तोंडून. उघड्या जीपच्या म्होरं. आन् त्यो लाल कोट घालून या."

मी म्हटलं, "न्हाय जमायचं."

तो हसला. भिंतीवरच्या माझ्या बापाच्या फोटोकडं, टांगलेल्या ढोलांकडं, छताच्या पत्र्याकडं बघत राहिला. "जागा नगरपालिकेची हाय न्हवं ही? आमी उद्या सकाळी येतोच न्यायला. गावात ऱ्हायचंय ना, मास्तर?"

राहायचं आहे. दुकान राहील की नाही, माहीत नाही. बँडच्या पोरांना मी सुट्टी दिली आहे. त्यांच्यावर हे यायला नको. दार मी उघडं ठेवणार आहे. कोट खुंटीवर असेल, क्लॅरिनेट मांडीवर आणि पत्ती खिशात. त्यांनी हवं ते करावं. कोट मी काढूनही देणार नाही आणि घालूनही येणार नाही. आणि कोट कुणी कसा काढायला लावला, हे ज्याला ऐकायचं असेल त्याला नाव-गावासकट सांगेन.

शाहीनचा फोन दर शुक्रवारी येतो. "अब्बा, दवा खाए?" ती विचारते. "खाया," मी म्हणतो. मग दोघंही गप्प. त्या गप्पपणात एक वाक्य माझ्या ओठांशी येतं, पत्तीसारखं ओलं होतं आणि तसंच आत परत जातं. उद्याचं तिला मी सांगितलेलं नाही. आणि ते वाक्यही नाही.

बेटा, उस दिन मैं रुकना था.