रिकाम्या चौकोनाचं कारण

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाच्या पेटीत करड्या चौकटीचं एक कार्ड पडलेलं दिसलं. इथे जपानमध्ये घरात कुणी गेलं की त्या साली नवीन वर्षाच्या शुभेच्छा देत-घेत नाहीत, आणि तसं कळवणारं कार्ड आधीच पाठवतात. माझं जपानी वाचन यथातथाच, म्हणून शाळेतून आलेल्या लेकीच्या हातात ते दिलं. मुक्ताने बूट काढता काढता वाचलं आणि म्हणाली, "आई, ओकाबे-सान गेल्या गं. ऑक्टोबरमध्ये. त्यांच्या बहिणीने लिहिलंय." एवढंच. कशाने गेल्या, कुठे गेल्या, शेवटी जवळ कोण होतं... कार्डावर यातलं काही नव्हतं. मला आधी रडू आलं आणि डोळे पुसेपर्यंत प्रश्न पडायला लागले. ओकाबे-सानना ते आवडलं असतं. प्रश्न विचारायची त्यांना भारी हौस.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याच्या बँकेने आम्हाला टोकियोला पाठवलं. मुंबईत मी आठ वर्षं स्टाफ नर्स होते, पण ते सर्टिफिकेट इथे चालेना. घरात बसून मी नुसती चिडचिड करत होते. शेवटी तीन स्टेशनं पलीकडच्या, म्हाताऱ्या माणसांच्या एका खाजगी हॉस्पिटलात मदतनीस म्हणून आरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, धरलं. ओकाबे-सान तिथल्या वॉर्डच्या मुख्य नर्स. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खिशात कायम एक वही. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तुम्ही दुसरीकडे काम केलेलं आहे. इथे काय खटकतं, ते आठवड्याने मला सांगा." मला वाटलं, ही जपानी पद्धत असेल, बोलायचं म्हणून बोलत असतील. आमच्या हॉस्पिटलात आयाबाईंना असं कुणी विचारायचं नाही. मी स्वतः कधी विचारलं नव्हतं, हे आज कबूल करते. आठवड्याने त्यांनी खरोखरच वही उघडली, आणि मी "सगळं छान आहे" म्हणून मोकळी झाले. त्यांनी काही न लिहिता वही मिटली.

खटकत होतंच. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावरच्या चौकोनात गोल काढायचा, असा नियम. पण मंगळवारी आणि शुक्रवारी आंघोळीचा दिवस. त्या दुपारी आम्ही चारही मदतनीस बाह्या सरसावून न्हाणीघरात. दोन वाजता कूस कोण बदलणार? तरी संध्याकाळी बघावं तर दोनच्या चौकोनात गोल हजर! आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मोरी-सान. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी माझ्या हातात पेन दिलं आणि हळूच समजावलं, "चौकोन रिकामा दिसला की ओकाबे-सानना वरून बोलणी बसतात." म्हणजे हे सगळं त्यांच्यावरच्या मायेपोटी चाललं होतं. मग मीही काढला गोल. दर आठवड्याला काढत राहिले.

आमच्या वॉर्डात तानाका आजी होत्या. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मला 'इंदो-सान', म्हणजे भारतवाल्या बाई, म्हणायच्या आणि माझे केस तपासल्याशिवाय सोडायच्या नाहीत. एका शनिवारी त्यांना कुशीवर वळवलं तर माकडहाडाशी पडून पडून झालेली लालभडक जखम! तक्त्यावर मात्र महिनाभरात एकही चौकोन रिकामा नव्हता. ओकाबे-साननी आम्हा चौघींना चादरींच्या खोलीत बोलावलं, स्वतः चहा ओतून दिला. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला होता. त्यांनी तक्ता पुढे केला आणि अगदी सहज, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "हा दोनचा गोल काढला त्या वेळी तुम्ही कुठे उभ्या होतात?" गोल माझा होता, माझे गोल सगळ्यांत मोठे. "न्हाणीघरात," मी म्हटलं. "गोल माझा आहे." त्यांनी तक्ता परत स्वतःकडे ओढला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझीच तपासणी चुकली. मी फक्त गोल आहे की नाही तेवढंच बघत होते." असं म्हणून आमच्यापुढे कमरेत वाकल्या. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

सोमवारपासून तक्ता आमच्या ताब्यात आला. काम झालं नाही तर चौकोन रिकामा ठेवायचा आणि शेजारी कारण लिहायचं, मला जमेल तशा अक्षरात का होईना. पहिल्या आठवड्यात तक्ता बोळक्या तोंडासारखा दिसत होता. ओकाबे-सान रोज ती कारणं वहीत उतरवायच्या आणि आमच्याकडेच उपाय विचारायच्या. आंघोळी दोन दिवसांऐवजी चार दिवसांत वाटाव्यात, म्हणजे दोघी कायम वॉर्डात राहतील, हे मोरी-साननी सुचवलं. वीस वर्षांत आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं, असं त्या हसत म्हणाल्या.

तेवढ्यात सरकारी तपासणी आली. ऑफिसच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, जुने तक्ते नव्याने, स्वच्छ भरून ठेवा. ओकाबे-सान नाही म्हणाल्या. वर आम्हाला म्हणाल्या, "अधिकारी विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. काम तुम्ही करता." माझी तर पाचावर धारण बसली. घरी मुक्ताला अधिकारी करून मी चार दिवस घोकंपट्टी केली, ती माझी जपानी ऐकून लोळण घ्यायची. पण त्या दिवशी बोलले. रिकामे चौकोन का, नंतर कमी कसे झाले, सगळं मी आणि मोरी-साननी सांगितलं. अधिकारी लिहीत राहिले. अहवालात हॉस्पिटलवर ताशेरे आले आणि एप्रिलच्या बदल्यांत ओकाबे-सानकडून वॉर्ड काढून घेतला, त्यांना बाह्यरुग्ण विभागात बसवलं. माझ्या गोलांमुळे हे झालं, असं मी रडत रडत सांगायला गेले. त्यांनी विचारलं, "तानाका-सानची जखम?" म्हटलं, भरली. "मग झालं तर," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. या बाईला आतून काय वाटत असेल, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

तिथलं काम मी केव्हाच सोडलं होतं, पण कार्ड आलं त्याच आठवड्यात मी हॉस्पिटलात गेले. मोरी-सान अजून तिथेच आहेत. मागच्या बाकावर डबा खाता खाता त्यांनी सांगितलं. ओकाबे-सान शेवटचे तीन आठवडे आपल्याच जुन्या वॉर्डात पेशंट म्हणून होत्या. मोरी-सानच त्यांची कूस बदलायच्या. शेवटच्या शुक्रवारचा दोनचा चौकोन मात्र रिकामा राहिला. शेजारी मोरी-साननी कारण लिहिलंय, 'खिडकीकडेच तोंड राहू दे, म्हणाल्या.' आता जानेवारीत तपासणी आहे आणि नवे व्यवस्थापक म्हणतात, गेलेल्या माणसाचा तक्ता, त्या रिकाम्या चौकोनात एक गोल काढा आणि मोकळ्या व्हा.

"मग?" मी विचारलं.

मोरी-साननी डब्याला रुमाल गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाल्या, "नाही काढणार, म्हणून सांगितलं. अधिकारी आले की मी उभी राहीन. उत्तर मी देणार."