तांब्याच्या भावाची रेघ

मोटर नुसती गुरगुरली, फिरली नाही. जळका वास नाकात शिरला तशी ताईंनी मेन स्विच खाली ओढला आणि त्या स्टुलावर बसल्या. मोटर हॉस्पिटलच्या पाण्याच्या पंपाची होती.

ताई जळालेल्या मोटरींचं वायंडिंग करायच्या, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायच्या. वडिलांच्या हाताखाली शिकल्या आणि त्यांच्यामागे वर्कशॉपही त्यांनीच चालवलं. हात तयार होता. वैताग होता तो तांब्याच्या भावाचा. पैसे ठरवून काम घेतलं की तार महाग झालीच म्हणून समजा.

म्हणून शेअर ब्रोकरकडे नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने त्यांच्या मोबाइलवर 'ट्रेंड सायकल' लावून दिली. तांब्याच्या भावाचा कल दाखवणारी, शून्य ते शंभर यांच्यात खालीवर होणारी एक रेघ. "तळातून पंचवीसच्या वर आली की भाव चढणीला लागला समज. वरून पंच्याहत्तरच्या खाली घसरली की उतरणीला," तो म्हणाला. "पण बाजार एका जागी रेंगाळत असेल, तर हिच्यावर विसंबू नकोस."

पहिल्याच खेपेला रेघ वर आली, ताईंनी तार भरून ठेवली आणि भाव खरंच चढला. झालं! धाकट्याचं शेवटचं वाक्य या कानाने आत, त्या कानाने बाहेर. जेवताना मोबाइल, वॉर्निश सुकवायच्या भट्टीपाशी मोबाइल. पुढे बाजार थंडावला, तरी रेघेच्या उड्या चालूच. ताई तार घ्यायच्या, भाव ढिम्म हलायचा नाही. नवरा एकदा म्हणाला, "मीही शंभराला टेकलो, तर माझ्याकडे बघशील का गं?" त्यांना हसू आलं नाही.

हॉस्पिटलच्या मोटरीची जोडणी करतानाही त्यांचा एक डोळा मोबाइलवरच होता.

जरा वेळाने त्यांनी धीर करून मोटर उघडली. एका कॉइलची टोकं उलटी जोडली गेली होती. वॉर्निश तापलं होतं, पण तार शाबूत होती. ताईंचा जीव भांड्यात पडला. टोकं सुलटी केली, पुन्हा तपासलं, पुन्हा स्विच दाबला. मोटर सुरळीत फिरली.

संध्याकाळी भाऊ आला. त्याला सगळं सांगून त्या म्हणाल्या, "ही रेघ काढून टाक."

"काढायची कशाला? आठवड्यातून एकदा मीच बघून सांगेन. आणि गिऱ्हाइकाला सांग ना, तारेचा भाव काम सुरू होईल त्या दिवशीचा लागेल."

"गिऱ्हाइकं ऐकतील?"

"विचारून तर बघ."

दुसऱ्या दिवशी मोटर पोचवताना त्यांनी हॉस्पिटलच्या मॅनेजरला भीत भीत विचारलं. "पुढच्या कामापासून तसंच लिहून देत जा," तो फाइलमधून मान वर न करता म्हणाला. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण किती रक्त आटवलं, असं ताईंना वाटलं.

मोटर बसवून झाली आणि पंप सुरू झाला. जिन्यावरून नर्सने आवाज दिला, "वरच्या मजल्यावर पाणी आलं हो!" ताईंनी हत्यारांची पिशवी उचलली. घरी जाऊन त्या नवऱ्याशी गप्पा मारत पोटभर जेवल्या आणि भरदुपारी गाढ झोपल्या.